घराचा पंचनामा

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापनेचा दिवस. तुळजापुरात भवानीमातेच्या शारदीय नवरात्राला सुरुवात होत होती. त्याच धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, परंडा आणि भूम तालुक्यांत, माणसे लेकराबाळांसह छतावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहत होती. रात्रीत कोसळलेल्या पावसाने सीना, चांदणी आणि बाणगंगा नद्या पात्राबाहेर पडल्या होत्या. वडनेर, लाखी, रुई ही एरवी तालुक्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसलेली गावे दिवसभर बातम्यांत होती. एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आणावे लागले. वडनेरला अडकलेल्या कुटुंबाला बाहेर काढताना खासदार ओमराजे निंबाळकर स्वतः पाण्यात उतरले, ती चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

त्याच दिवसापासून देशात जीएसटीचे नवे दर लागू झाले. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा कर शून्यावर आला. घराच्या विम्यावरचा १८ टक्के कर मात्र तसाच राहिला. त्याबद्दल मराठवाड्यात कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, कारण घराचा विमा नावाची वस्तू या भागात जवळपास कुणाकडे नसतेच. पिकाचा विमा असतो, ट्रॅक्टरचा असतो, मोटारसायकलचा पोलिसांच्या धाकाने असतो. आयुष्यभराची कमाई जिच्यात घातलेली असते ती चार भिंतींची वास्तू मात्र कुठल्याच कागदात नसते. ती कागदावर येते पाणी ओसरल्यावर, तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा.

त्या पंचनाम्यातून काय हाती येते, ते पाहू. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्या घराला चार हजार, गोठ्याला तीन हजार असे आकडे होते. घरात पाणी शिरून भांडीकुंडी, कपडालत्ता गेलेल्या कुटुंबाला तातडीचे दहा हजार वेगळे. हे बहुतेक आकडे केंद्राच्या आपत्ती निवारण निधीच्या निकषांतून आलेले आहेत. त्या निकषांत अंशतः पडझड धरायची तर घराचे निदान पंधरा टक्के नुकसान दिसावे लागते. भिंतीला ओल धरली, फरशी खचली, वायरिंग जळाले, दारे फुगून लागेनाशी झाली, तर ते पंधरा टक्क्यांत बसते की नाही, याचा निवाडा दारात उभे राहून काही मिनिटांत होतो.

१ लाख २० हजार हा आकडा ओळखीचा वाटतो, कारण प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलालाही केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट भागात इतकेच अनुदान २०१६ पासून ठरलेले आहे. वाळू, सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी धरून आज एवढ्यात काय उभे राहते, हे घर बांधलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. सरकारची मदत ही मदत असते, भरपाई नसते. कायद्याच्या आणि निकषांच्या भाषेत हा फरक स्पष्ट आहे. गावात तो कुणी समजावून सांगत नाही, आणि म्हणून दर पुरानंतर तोच संताप होतो. संताप खरा आहे. पण साडेसहा हजार मिळाले म्हणून चिडलेल्या माणसाला आधीच्या वर्षीच कुणी सांगायला हवे होते की घराची पूर्ण किंमत परत मिळण्याचा दुसरा एक रस्ता आहे, आणि तो फार महागही नाही.

हे कुणी सांगितले नाही, कारण धाराशिवला पूर येतो हेच मुळात मनात रुजलेले नाही. हा दुष्काळाचा जिल्हा. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या काळात धाराशिवमध्येही टँकरची वाट पाहणे हेच बायकांचे दिवसभराचे काम होते. अशा ठिकाणी पाणी जास्त होईल म्हणून कोण घाबरेल? तरीही अलीकडच्या नोंदी ओळीने लावल्या तर चित्र वेगळे दिसते. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने उमरगा, लोहारा, तुळजापूर, परंडा या तालुक्यांत पिके आणि जमिनी वाहून गेल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे काटगाव आणि आपसिंग्याला येऊन गेले. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले आणि कळंब तालुक्यातल्या सौंदना आंबा इथून माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. नंतर २०२५ चा सप्टेंबर, ज्यात २२ तारखेचे पाणी पुरते ओसरायच्या आत २७-२८ ला पुन्हा पावसाने झोडपले. सहा वर्षांत तीनदा. याला अपवाद म्हणणे आता स्वतःची फसवणूक ठरेल.

कारणे जमिनीतच आहेत. बालाघाटची रांग जिल्ह्यातून जाते आणि पाणी दोन बाजूंना वाटते. एकीकडे मांजरा, तेरणा हे गोदावरीचे खोरे, दुसरीकडे सीना, बोरी हे भीमेचे. डोंगरावरून उतरणारे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे आहेत. पाऊस थांबला की तासाभरात कोरडे, आणि कोसळला की तितक्याच वेळात दुथडी. खाली काळी कसदार माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात एकदा फुगली की पाणी आत घेत नाही. मोठा पाऊस इथे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवर येतो, आणि तोवर धरणे, मध्यम प्रकल्प, पाझर तलाव भरलेले असतात. या भागातली धरणे पाणी साठवण्यासाठी बांधली आहेत, पूर अडवण्यासाठी नाहीत. दुष्काळी जिल्ह्यात ऑगस्टमध्ये धरण रिकामे ठेवायला कुठला अधिकारी धजेल? भरलेल्या धरणावर आणखी पाऊस आला की वरून येईल तेवढे पाणी खाली सोडणे एवढेच उरते. सीनेच्या पुराचा तर उगमच अहिल्यानगर जिल्ह्यात. परंड्यात ऊन असले तरी वर काय चालले आहे त्यावर खालच्या वस्तीची रात्र ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये हेच पाणी पुढे सोलापूर जिल्ह्यात लांबोटीला पोचले आणि सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला.

आणि आणखी एक बदल, ज्याकडे सरकारी अहवाल फारसे बघत नाहीत. जुनी गावठाणे पांढरीवर, म्हणजे उंचवट्यावर वसलेली. काळी कसण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. नदीकाठच्या गावातसुद्धा जुना वाडा आणि देऊळ सहसा चढावर सापडते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत वीजपंप आले, दुभती जनावरे वाढली, ऊस आला, भाऊ वेगळे झाले, आणि घरे शेतात गेली. शेतवस्ती सोयीची असते. राखण होते, वैरण-पाणी हाताशी राहते, मोटार रात्री कधीही चालू करता येते. पण चांगली जमीन आणि विहिरीला पाणी नदी-ओढ्याच्या काठाला, म्हणून वस्तीही तिथेच. २०२५ मध्ये बोटी आणि हेलिकॉप्टर ज्यांच्यासाठी धावले त्यांत अशा वस्त्यांवरची कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्या आजोबांचे गावातले घर कोरडे राहिले असेल.

आपले घर कुठे उभे आहे, हे समजण्याची शास्त्रीय रीत महाराष्ट्रात जुनी आहे. पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा ठरवल्या. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे वस्तीचे बांधकाम नको; निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, तिथे बांधायचे तर जोते उंच घेऊन. यातली वर्षे फसवी असतात. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ आज येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा नाही. दरवर्षी शंभरात चार, एवढी शक्यता. यंदा आला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. तीस वर्षे एका घरात राहणाऱ्या कुटुंबाने हा हिशेब मांडला तर निळ्या रेषेच्या आतल्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता शंभरात सत्तर निघते.

पूररेषांवरून वाद झाले ते कोल्हापूर, सांगली, पुणे आणि २०२१ च्या महापुरानंतर चिपळूण अशा शहरांत. ग्रामपंचायतीच्या हद्दीत, शेतवस्तीच्या बांधकामाला, ही रेषा विचारायला कुणी जात नाही. म्हणून सीना आणि मांजरेकाठच्या गावांत गावकऱ्यांनी स्वतः केलेली नोंद मोलाची ठरेल. २०२५ चे पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आले, कुठल्या खांबाच्या कितव्या फुटावर गाळाची रेघ होती, हे अजून सांगता येते. पण दिवाळीच्या रंगरंगोटीत अशा खुणा पुसल्या जातात आणि पाच वर्षांत उंचीबद्दल गावात तीन मते होतात. ग्रामसभेने त्या खुणा शाळेच्या, मंदिराच्या भिंतीवर तारखेसह रंगवल्या आणि ठरावात लिहून ठेवल्या, तर नव्या घराचे जोते किती घ्यायचे याचा वाद उरणार नाही. याला एक डबा रंग पुरतो.

विम्याकडे वळण्याआधी या जिल्ह्याच्या मनातली अढी समजून घ्यायला हवी. धाराशिवला विमा कळला तो पीकविम्यातून, आणि तो अनुभव कडू आहे. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही म्हणून जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांच्या आसपास शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, शेतात गुडघाभर पाणी, अशा वेळी कुणी ॲपवर सूचना कशी द्यायची? सरकारी पंचनामे झालेले होतेच. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, आणि तरीही लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. पुढे एक रुपयात पीकविमा आला, २०२५ च्या खरिपात तोही गेला. शेतकऱ्याच्या हिश्श्याचा दोन टक्के हप्ता परत आला आणि स्थानिक आपत्तीसारखे भरपाईचे निकष वगळून फक्त पीककापणी प्रयोगावरची भरपाई उरली. नेमक्या त्याच हंगामात सप्टेंबरचा पूर आला. इतके सोसलेल्या माणसाला आता घराचाही विमा काढा म्हणून सांगणे सोपे नाही. पण घराच्या विम्याची घडण वेगळी आहे. मंडळाची सरासरी नाही, पीककापणी प्रयोग नाही; एक घर, एक करार.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी ठेवायला लावली. तिचे नाव भारत गृह रक्षा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबणे, भूस्खलन, दंगल हे सगळे मूळ पॉलिसीतच येते. पुरासाठी जादा पैसे भरून वेगळे कलम घ्यावे लागत नाही. अमेरिकेतली स्थिती याच्या उलट आहे. तिथल्या नेहमीच्या गृहविम्यात पूर धरतच नाहीत, म्हणून १९६८ मध्ये सरकारला स्वतःची पूरविमा योजना काढावी लागली. भारतातल्या घरमालकाला मिळालेली ही सोय मोठी आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे.

धाराशिवसाठी त्यातला भूकंप हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातल्या उमरगा, लोहारा भागातली सास्तूरसारखी गावे भुईसपाट केली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद यांखाली झोपलेली माणसे गेली. एकाच कागदात दोन्ही संकटे येत असतील तर या जिल्ह्याहून अधिक गरज कुणाला आहे?

विम्याची रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावरून. जागेची किंमत त्यात नसते, कारण जागा पुरात जात नाही. समजा घर ६०० चौरस फुटांचे आहे आणि आज बांधायला फुटाला १,८०० रुपये लागतात. विम्याची रक्कम १० लाख ८० हजार. त्याच्या वीस टक्के, म्हणजे २ लाख १६ हजारांपर्यंतचे घरसामान यादी न देता आपोआप धरले जाते. या सवलतीची कमाल मर्यादा १० लाख. फ्रीज, टीव्ही, पलंग, कपडे, भांडी यात आले. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते आणि तशा पॉलिसीत घराची विमा रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. हप्ता घराच्या बांधणीवर आणि कंपनीवर अवलंबून. तरीही अशा घराचा वर्षाचा हप्ता एक क्विंटल सोयाबीनच्या हमीभावापेक्षा, म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांपेक्षा, बराच खाली असतो.

रक्कम कमी धरली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कापाकापी करण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत काढून टाकली आहे. पण म्हणून मुद्दाम कमी रकमेचा विमा घेणे शहाणपणाचे नाही. घर पूर्ण पडले तर लिहिलेल्या रकमेच्या वर दमडीही मिळत नाही.

आता न मिळणाऱ्या गोष्टी, कारण वाद तिथेच होतात. नदीने काठ कापत नेला आणि त्याबरोबर जमीन खचून घर गेले, तर ती नदीची धूप. जमीन खचण्याच्या कलमातून ती स्पष्ट वगळलेली आहे. भराव टाकलेली जमीन बसली, नव्या बांधकामाला पहिल्या-दुसऱ्या पावसात तडे गेले, कामच निकृष्ट होते, हेही वगळलेले. काळ्या मातीवर भराव टाकून घर बांधणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर घरविम्यात येत नाहीत, रोख रक्कम येत नाही. जनावरांचा विमा वेगळा. ओसरीत विकायला रचून ठेवलेली सोयाबीनची पोती घरसामानात धरली जातील, असे मानून चालू नये. कंपनीला आधी लेखी विचारावे. भिंती मातीच्या असतील, छत पत्र्याचे असेल, घरात पिठाची गिरणी किंवा किराणा दुकान चालत असेल, तर प्रस्तावात तसेच लिहावे. खोटे पक्के घर दाव्याच्या दिवशी कच्चे ठरते.

शेतवस्तीवरच्या घराची खरी अडचण कागदाची आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नोंद नसते, सातबारावर घर नसते, बिनशेती झालेली नसते. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनदा मिळू लागल्या. गावठाणाबाहेरची वस्ती त्या योजनेत नाही. म्हणजे ज्या घराला पुराचा धोका अधिक, त्याच्याच मालकीचा पुरावा अधुरा. ग्रामपंचायतीकडून घराची नोंद करून घेणे, घरपट्टीची पावती आणि वीजबिल जपणे, हे काम विम्याच्या आधीचे आहे. तेच कागद पंचनाम्यालाही लागतात.

कोरड्या दिवशी घराचे चारही बाजूंनी, प्रत्येक खोलीचे फोटो काढून पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर पाठवून ठेवले, तर पूर त्या फोटोंपर्यंत पोचत नाही. नुकसान झाल्यावर कंपनीला फोनबरोबर लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. सर्वेक्षक येण्याआधी गाळ उपसावाच लागतो, त्यात माणसाचा जीव आणि आरोग्य आहे. पण उपसण्याआधी पाण्याच्या रेघेसह फोटो घ्यावेत आणि भिजलेला पलंग, फ्रीज सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत फेकू नये. मोडतोड हटवण्याचा खर्च दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारदाचे शुल्क पाच टक्क्यांपर्यंत याच पॉलिसीत मिळते, हे मागितल्याशिवाय बहुधा कुणी सांगत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही घ्यावी. सरकारी नोंद आणि विम्याचा दावा एकमेकांना आधार देतात. दावा नाकारला गेला किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्यातही त्याचे कार्यालय आहे, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे.

हे सगळे ज्याच्याकडे पक्के घर आणि हप्त्याचे पैसे आहेत त्याच्यासाठी. पत्र्याच्या खोपटात राहणारा ऊसतोड मजूर, गावाबाहेरच्या खोलगट जागेत पिढ्यान् पिढ्या ढकलली गेलेली वस्ती, यांना पॉलिसी घ्या म्हणणे निर्दयपणाचे होईल. तिथे हप्ता सरकारने भरायला हवा. ही कल्पना हवेतली नाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासून फ्लड री ही व्यवस्था सगळ्या गृहविमा कंपन्यांकडून वर्गणी घेते आणि पुराच्या जागेतल्या घरांचा हप्ता आवाक्यात ठेवते. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना मात्र तिथे जागा नाही, म्हणजे पूरपट्ट्यात नवे बांधकाम करणाऱ्याला उत्तेजन मिळत नाही. भारतात नागालँडने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाऊस झाला की थेट पैसे मिळतील असा राज्याचा विमा घेतला, आणि तसे करणारे ते पहिले राज्य ठरले. यात पंचनाम्याची वाट पाहावी लागत नाही, पर्जन्यमापकाचा आकडा पुरतो.

महाराष्ट्रात तो आकडा आधीच मोजला जातो. महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष सरकार आजही मदतीसाठी वापरते. परंडा, भूम, कळंब आणि वाशी तालुक्यांतल्या नदीकाठच्या मंडळांपुरता हा प्रयोग सुरू करायला नवे यंत्र लागत नाही. अडचण सीनेसारख्या नदीची राहील, जिथे पाऊस एका जिल्ह्यात पडतो आणि घर दुसऱ्या जिल्ह्यात बुडते. तिथे पर्जन्यमापकाबरोबर धरणातून सोडलेल्या विसर्गाचा आकडाही करारात धरावा लागेल. तो आकडाही जलसंपदा विभाग पूरकाळात वेळोवेळी नोंदवतो आणि जाहीर करतो.